'हॅव बीन' नेमकं कुठे वापरायचं?

मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला एकच वाक्य इंग्रजीत सांगायला लावते: "मी पाच वर्षांपासून नोकरी करतोय." बहुतेक जण पटकन म्हणतात, "आय अॅम वर्किंग सिन्स फाइव्ह इअर्स." काही जण "आय हॅव बीन..." इथवर येतात आणि अडतात. 'हॅव बीन' त्यांनी ऐकलेलं असतं, ते कुठेतरी लागतं हेही ठाऊक असतं. पण कुठे, ते ऐन वेळी ठरत नाही.

याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. शाळेत बहुतेकांनी 'हॅज बीन'चा अर्थ 'करत आलेला आहे' असा पाठ केलेला असतो. 'तो खेळत आलेला आहे', 'ती वाचत आलेली आहे.' असं मराठी घरात कुणी बोलत नाही. त्यामुळे बोलताना मनात जे खरं मराठी वाक्य उमटतं, त्याच्याशी हा पाठ केलेला अर्थ कधी जुळत नाही, आणि 'हॅव बीन'ची वेळ आली होती हे वाक्य तोंडातून गेल्यावर कळतं.

म्हणून मी उलट्या बाजूने शिकवते. आपल्या रोजच्या मराठीत 'हॅव बीन'च्या खुणा आहेत: 'पासून', 'झाली', 'जाऊन आलोय' आणि 'करण्यात आलं आहे'. या चार खुणा कानाला पकडता आल्या की अर्ध्याहून अधिक काम होतं. एक-एक घेऊ.

आधी साचा

'बीन' हे 'बी' या क्रियापदाचं तिसरं रूप. 'अॅम, इज, आर' आजसाठी, 'वॉज, वेअर' होऊन गेलेल्यासाठी, आणि 'हॅव' किंवा 'हॅज' आलं की त्याच्यामागे 'बीन'. आय, वी, यू, दे यांना 'हॅव'. ही, शी, इट यांना 'हॅज'. हे सगळ्यांना येतं. घसरायला होतं ते लांबलचक कर्त्यापाशी. "वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज बीन इल" यात 'फ्रेंड्स' जवळ असल्यामुळे तोंडात 'हॅव' येतं, पण आजारी एकच मित्र आहे. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे, तरी त्याला 'हॅज'. 'न्यूज'च्या शेवटी 'ज' ऐकू येतो म्हणून ते अनेकवचन होत नाही, त्यालाही 'हॅज'च.

ऐकताना एक अडचण येते. बोलताना 'हॅव' जवळजवळ गिळलं जातं. "आयव्ह बीन", "शीज बीन" असं कानावर पडतं, आणि नीट लक्ष नसेल तर नुसतं "आय बीन" ऐकू येतं. मग लिहितानाही तसंच लिहिलं जातं. 'शीज'मधला 'ज' हा 'इज' की 'हॅज', हा प्रश्न पडला तर पुढचा शब्द बघायचा. पुढे 'बीन' असेल तर तो 'हॅज'च असतो. तसंच 'बीन' आणि 'बीइंग' वेगळे. "आय हॅव बीइंग वेटिंग" असं मी अर्जांमध्येसुद्धा वाचलेलं आहे. 'हॅव'नंतर 'बीइंग' येत नाही.

पहिली खूण: 'पासून'

"मी तासाभरापासून वाट बघतोय." मराठीत हा साधा चालू वर्तमानकाळ आहे, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. वाट बघणं आत्ता चालू आहे ना, मग झालं. इंग्रजीला मात्र सुरुवात आणि आता, या दोन्ही टोकांचं भान वाक्यात दिसायला हवं असतं. म्हणून तिथे "आय अॅम वेटिंग" पुरत नाही, "आय हॅव बीन वेटिंग फॉर अॅन अवर" म्हणावं लागतं. ही चूक फक्त आपलीच नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही अशा जागी वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे ती माणसं इंग्रजी बोलताना अगदी आपल्यासारखीच चुकतात. हे वर्गात सांगितलं की लोकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं.

म्हणजे नियम असा: मराठी वाक्यात 'पासून' आहे आणि गोष्ट अजून चालू आहे, तर इंग्रजीत 'हॅव' किंवा 'हॅज' हवंच. काम चालू असेल तर 'बीन'नंतर आयएनजी लावलेलं रूप. पण काम नसून नुसती स्थिती असेल तर? "ती सोमवारपासून आजारी आहे." इथे आयएनजी लावायला काही नाहीच. "शी हॅज बीन इल सिन्स मंडे." "ते 2019 पासून इथे आहेत." "दे हॅव बीन हिअर सिन्स 2019." हे छोटं, बिनकामाचं 'बीन' सगळ्यात जास्त विसरलं जातं. 'हॅव बीन' म्हणजे आयएनजी असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि आयएनजी दिसलं नाही की लोक परत "शी इज इल सिन्स मंडे"वर येतात.

आता 'सिन्स' आणि 'फॉर'. मराठीतला 'पासून' दोघांचंही काम एकटा करतो, म्हणून गोंधळ होतो. 'दोन तासांपासून' आणि 'दोन वाजल्यापासून' दोन्हीकडे 'पासून'च. यावर माझा उपाय सोपा आहे. 'पासून' बाजूला ठेवा आणि उरलेल्या शब्दाला प्रश्न विचारा. तो 'किती?'चं उत्तर असेल तर 'फॉर', 'केव्हा?'चं असेल तर 'सिन्स'. किती? दोन तास. "फॉर टू अवर्स." केव्हा? दोन वाजता. "सिन्स टू ओक्लॉक." लहानपणापासून: केव्हा? लहानपणी. "सिन्स चाइल्डहुड."

याच कसोटीवर 'सिन्स लास्ट टू इअर्स' ही फार रुळलेली चूकही पकडता येते. 'गेली दोन वर्षं' हे 'किती?'चं उत्तर आहे, म्हणून "फॉर द लास्ट टू इअर्स". पण "सिन्स लास्ट इयर" बरोबर, कारण 'गेल्या वर्षी' हे 'केव्हा?'चं उत्तर. आणि 'सिन्स'नंतर पूर्ण वाक्य आलं तर त्या वाक्यातलं क्रियापद साध्या भूतकाळात ठेवायचं: "मी रुजू झाल्यापासून" म्हणजे "सिन्स आय जॉइन्ड".

प्रश्न विचारताना 'कधीपासून'चं शब्दशः 'सिन्स व्हेन' करू नका. व्याकरणात ते बसतं, पण ऐकणाऱ्याला त्यात आश्चर्य किंवा टोचणी ऐकू येते, "हे कधीपासून हो?" असं आपण भुवया उंचावून विचारतो तसं. साधी चौकशी करायची तर "हाऊ लाँग हॅव यू बीन लर्निंग इंग्लिश?" असंच विचारा.

दोन ठिकाणी 'पासून' असूनही 'हॅव बीन' चालत नाही. एक, 'उद्यापासून'. ते अजून सुरूच झालेलं नाही, तिथे 'फ्रॉम टुमॉरो'. दुसरं जास्त महत्त्वाचं: "मी तिला दहा वर्षांपासून ओळखतो." याचं "आय हॅव बीन नोइंग हर" होत नाही. 'ओळखणं', 'माहीत असणं', 'मालकीचं असणं' या गोष्टी आपण करत बसत नाही, त्या असतात. मराठीचा कान इथेही मदत करतो. 'वाट बघतोय', 'शिकतोय', 'लिहितोय' सहज येतं. 'मी तिला ओळखतोय' म्हणून बघा, कानाला टोचतं. टोचलं की आयएनजी सोडा आणि थेट तिसरं रूप वापरा: "आय हॅव नोन हर फॉर टेन इअर्स." "ही सायकल माझ्याकडे तीन वर्षांपासून आहे" याचं "आय हॅव हॅड धिस बायसिकल फॉर थ्री इअर्स". 'हॅव हॅड' विचित्र वाटतं, पण ते अगदी शुद्ध आहे.

दुसरी खूण: 'झाली'

"आपल्याला भेटून दोन वर्षं झाली." यातल्या 'झाली'साठी लोक 'बिकेम' शोधतात, 'हॅपन्ड' शोधतात, नाहीतर "टू इअर्स आर ओव्हर" म्हणतात. इंग्रजीत इथे 'इट हॅज बीन' येतं: "इट हॅज बीन टू इअर्स सिन्स वी मेट." खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, "किती दिवस झाले!" तिथे "इट्स बीन सो लाँग!" एवढं पुरतं.

"आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली" हे वाक्य मात्र माणसांवरून सुरू करणं जास्त स्वाभाविक: "वी हॅव बीन मॅरीड फॉर टेन इअर्स." यात 'मॅरीड' ही स्थिती आहे, लग्नाचा तो एक दिवस नव्हे. घडून संपणाऱ्या क्रियेला 'फॉर टेन इअर्स' जोडता येत नाही. "ही हॅज डाइड सिन्स फाइव्ह इअर्स" म्हणूनच चूक आहे, कारण मरण पाच वर्षं चालत नाही. "आजोबांना जाऊन पाच वर्षं झाली" याला "इट हॅज बीन फाइव्ह इअर्स सिन्स ही पास्ड अवे" म्हणावं. "ही हॅज बीन डेड फॉर फाइव्ह इअर्स" व्याकरणात बरोबर आहे, पण आपल्या माणसाबद्दल बोलताना ते फार कोरडं लागतं. मी तरी ते टाळायलाच सांगते.

तिसरी खूण: 'जाऊन आलोय'

इथे इंग्रजी शाळेत कमी समजावली जाणारी एक गंमत आहे. 'गो'चं तिसरं रूप 'गॉन', तरीही जाऊन परतलेल्या माणसासाठी 'बीन' वापरतात. "ही हॅज गॉन टू द बँक" म्हणजे तो बँकेत गेलाय, इथे नाही. "ही हॅज बीन टू द बँक" म्हणजे तो बँकेत जाऊन आलाय.

माझ्या एका विद्यार्थिनीचा अनुभव मी नेहमी सांगते. ती एका ऑफिसात नवी लागली होती. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ नुकतेच बँकेत गेले होते आणि त्यांच्यासाठी परदेशातून फोन आला. ती म्हणाली, "ही हॅज बीन टू द बँक." पलीकडचा माणूस खूश झाला, म्हणजे काम झालं तर! त्याने पैसे भरल्याची पावती मागितली, मग त्यांच्याकडे फोन द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "ही इज नॉट हिअर." तिकडे क्षणभर शांतता. ती माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. आपलं कुठे चुकलं हेच तिला कळत नव्हतं. तिच्या वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नव्हता. फक्त 'गेलेत'च्या जागी तिने 'जाऊन आलेत' म्हटलं होतं.

पण इथे मराठीवर डोळे झाकून विसंबू नका. "तू कधी लंडनला गेला आहेस का?" यात आपण 'गेला' म्हणतो, तरी इंग्रजीत "हॅव यू एव्हर बीन टू लंडन?" असंच होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारतोय, म्हणजे तो परत आलेला आहेच. तेव्हा क्रियापद बघू नका, माणूस कुठे आहे ते बघा. परतला असेल तर 'बीन', तिकडेच असेल किंवा वाटेत असेल तर 'गॉन'. याच न्यायाने स्वतःबद्दल "आय हॅव गॉन टू लंडन" म्हणायची वेळ सहसा येतच नाही. तुम्ही तर इथे बोलताय.

'देअर', 'हिअर', 'होम', 'अब्रॉड' यांच्याआधी 'टू' लागत नाही: "आय हॅव बीन देअर ट्वाइस." आणि 'बीन टू'च्या ऐवजी 'बीन इन' आलं की अर्थ मुक्कामाचा होतो. "शी हॅज बीन इन लंडन फॉर थ्री इअर्स" म्हणजे ती तीन वर्षांपासून तिथेच आहे.

आता सगळ्यांत चिवट चूक. "मी काल बँकेत गेलो होतो." यातला 'होतो' इंग्रजीत 'हॅड' ओढून आणतो, आणि "आय हॅड बीन टू द बँक यस्टरडे" तयार होतं. मराठीत 'गेलो होतो' हा गप्पांमधला साधा भूतकाळ आहे. इंग्रजीत त्याच्या जागी "आय वेंट टू द बँक यस्टरडे". 'हॅड' तेव्हाच लागतो, जेव्हा होऊन गेलेल्या दोन गोष्टी असतात आणि त्यातली एक दुसरीच्या आधीची असते: "बस आली तेव्हा मी वीस मिनिटं वाट बघत होतो", म्हणजे "आय हॅड बीन वेटिंग फॉर ट्वेंटी मिनिट्स व्हेन द बस केम". एकच गोष्ट सांगायची असेल तर 'हॅड' सोडून द्या.

'काल'बरोबर 'हॅव बीन'ही बसत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2015', 'टू डेज अगो' असा संपलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळच. 'हॅव'ला आजशी नातं लागतं आणि 'काल' ते नातं तोडतो.

चौथी खूण: 'करण्यात आलं आहे'

"तुमचा अर्ज स्वीकारण्यात आला आहे." नोटिशीत, सरकारी पत्रात, मोबाइलवरच्या मेसेजमध्ये हे मराठी आपण रोज वाचतो. 'हॅज बीन' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, हा याचा अगदी तंतोतंत जोडीदार: "युअर अॅप्लिकेशन हॅज बीन अॅक्सेप्टेड." कुणी स्वीकारला ते महत्त्वाचं नाही, स्वीकारला गेला हे महत्त्वाचं. "मला कळवण्यात आलं आहे" म्हणजे "आय हॅव बीन इन्फॉर्म्ड".

'हॅव बीन' नुकतं शिकलेली माणसं इथे एका वेगळ्याच खड्ड्यात पडतात. ते इतकं आवडतं, की जिथे-तिथे घातलं जातं. नोकरीच्या अर्जाबरोबरच्या मेलमध्ये मी हे वाक्य कितीदा तरी लाल केलं आहे: "आय हॅव बीन अटॅच्ड माय रेझ्युमे." याचा अर्थ वाचणाऱ्याला 'मलाच कशाला तरी जोडण्यात आलं आहे' असा लागतो. 'बीन' काढून टाका: "आय हॅव अटॅच्ड माय रेझ्युमे." तसंच "आय हॅव बीन कम्प्लीटेड द वर्क" नाही, "आय हॅव कम्प्लीटेड द वर्क". काम तुम्ही केलं असेल आणि वाक्य 'मी'पासून सुरू होत असेल, तर तिसऱ्या रूपाआधी 'बीन' नको.

एकच क्रियापद घेऊन चार वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, फरक कानात बसतो. "शी हॅज सेंट द रिपोर्ट": तिने रिपोर्ट पाठवला आहे. "शी हॅज बीन सेंडिंग रिपोर्ट्स सिन्स मार्च": ती मार्चपासून रिपोर्ट पाठवते आहे. "द रिपोर्ट हॅज बीन सेंट": रिपोर्ट पाठवण्यात आला आहे. "शी हॅज बीन सेंट द रिपोर्ट": तिला रिपोर्ट पाठवण्यात आला आहे. शेवटचं वाक्य पहिल्यासारखं दिसतं, पण रिपोर्ट उलट्या दिशेने गेलेला आहे.

खूण नसलेली एक जागा

मैत्रिणीचे डोळे लाल दिसतात. आपण विचारतो, "रडत होतीस का?" यात 'पासून' नाही, 'आहे' नाही, क्रियापद तर सरळ भूतकाळात. तरी इंग्रजीत "हॅव यू बीन क्राइंग?" असंच विचारतात. रडणं थांबलं, पण त्याची खूण आत्ता डोळ्यांसमोर आहे. हाताला रंग लागलेला माणूस म्हणतो, "आय हॅव बीन पेंटिंग." रस्ता ओला दिसला की "इट हॅज बीन रेनिंग." इथे मराठी शब्द वाट दाखवत नाहीत, समोरचं दृश्य दाखवतं.

काम पूर्ण झालं की चालू आहे, हेही याच रूपांवर ठरतं. "आय हॅव रेड द बुक" म्हणजे वाचून झालं. "आय हॅव बीन रीडिंग द बुक" म्हणजे वाचतोय, बहुधा अजून संपलेलं नाही. पूर्ण झालेल्या वस्तूंची संख्या सांगायची असेल तर आयएनजी नको: "आय हॅव रिटन फाइव्ह लेटर्स."

सराव कसा करायचा

पुस्तकातली वाक्यं नकोत. वहीत स्वतःबद्दल मराठीत सहा वाक्यं लिहा, जशी बोलाल तशीच: दोन 'पासून'ची, एक 'झाली'चं, दोन 'जाऊन आलोय'ची, एक 'करण्यात आलं आहे'चं. खुणेखाली रेघ ओढा, मग इंग्रजी करा आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणा. 'हॅव'चा उच्चार हलका होईपर्यंत म्हणत राहा. दुसऱ्या दिवशी नवी सहा वाक्यं. आठवड्याभरात 'आय अॅम वर्किंग सिन्स' तोंडात येताच जीभ अडखळायला लागते, आणि ते अडखळणं चांगलं लक्षण आहे.

सुरुवातीला ही पाच करून बघा. "आई बाजारात गेली आहे, तासाभरात येईल." "माझी तब्येत आठवडाभरापासून बरी नाही." "मी गेल्या महिन्यात तिथे गेलो होतो." "वीज जाऊन तीन तास झाले." "तुमची तक्रार नोंदवण्यात आली आहे."

उत्तरं: "मदर हॅज गॉन टू द मार्केट", कारण ती परतलेली नाही. "आय हॅवंट बीन वेल फॉर अ वीक", कारण आठवडा हे 'किती?'चं उत्तर. "आय वेंट देअर लास्ट मंथ", कारण 'गेल्या महिन्यात'ने काळ संपवला आणि 'देअर'ला 'टू' नको. "इट हॅज बीन थ्री अवर्स सिन्स द पॉवर वेंट आउट". वीज अजून आली नसेल तर "द पॉवर हॅज बीन आउट फॉर थ्री अवर्स" हेही तितकंच बरोबर. आणि शेवटचं "युअर कम्प्लेंट हॅज बीन रजिस्टर्ड", पण पुढे 'काल' जोडलात तर लगेच "युअर कम्प्लेंट वॉज रजिस्टर्ड यस्टरडे".